वजरीनं न निघालेला रंग

माझं माहेर रेणापूरपसनं थोडं आतल्या अंगाला, नाव सांगितलं तर तुमाला ठाऊक नसनार, लहान गाव हाय, पन आमच्या शेताला मेंदीचं कुंपन व्हतं एवढं लिवून घ्या ताई, कारन सगळं तिथूनच सुरू झालं. लोक बाभळीच्या काट्या टाकतेत, आमच्या आज्यानं मेंदी लावली, गुरं तिला तोंड लावत न्हाईत म्हनून, दुसरा कसला शौक न्हवता त्यात. आमी लेकरं पाला ओरबाडून आनायचो, आई सावलीत वाळवायची, उन्हात टाकला का रंग मरतो, मंग उखळात कुटायचा आन् जुन्या धोतराच्या फडक्यातनं चाळायचा. मथुरा माझं नाव. आता गल्लीत मेंदीवाली मथुराबाई म्हनतेत, तवा नुसती मथुरा व्हते.

पन केसाची मेंदी मला आईनं न्हाई शिकवली, ती शेजारच्या बिल्कीसखालानं शिकवली. खाला म्हातारी झाली तरी तिच्या केसात फनी घातली का वरनं सोडली तर खालीच येनार, मधी कुठं आडकायची न्हाई. खालाचं म्हननं, नुसती मेंदी फासली का केस खराट्यावानी व्हतेत, मेंदीचा गुनच कोरडा, तिच्यासंगं ओलावा द्या तर ती केसाशी गोड वागती. लोखंडाच्या कढईत आवळकाठी उकळायची, त्या काळ्या पान्यात मेंदी भिजवायची, दुसऱ्या दिवशी भिजल्या मेथ्या बारीक वाटून घालायच्या, जास्वंदीचा पाला चुरून त्याचा बुळबुळीत रस घालायचा, आन् दही, ते बी ताजं, आंबट न्हाई. आता बाया मोबाईलवर बघून येतेत आन् मला सांगतेत लिंबू पिळा, अंडं फोडा, काफीची पूड टाका. लिंबानं केस ताठ व्हतेत बाई, म्या तर कुनाच्या डोक्यावर लिंबू पिळत न्हाई, ज्याला पिळायचं त्यानं घरी पिळावं.

तर काय सांगत व्हते, खाला. खाला सगळं हातानं कालवायची आन् मला म्हनायची, मेंदीकू हातां से पूछना बेटी, आंखां से नै. बोटाला कचकच लागली म्हंजे मेथी नीट वाटली न्हाई, ओढ लागली म्हंजे दही कमी, आन् बोटावरनं सायीवानी उतरली म्हंजे झाली. मी तशीच शिकले. मला वजनमाप विचारू नका, माझं वजनमाप ह्या बोटांत हाय, बगा ना, हे बगा, नखं तर कायमची लाल झालीत.

लगीन झालं आन् नांदेडला आले. मालक आटो चालवायचे, टेसनपसनं गुरुद्वाऱ्यापस्तोर, सवाऱ्या दिसभर. मानूस कमी बोलायचा पन ध्यानात ठेवायचा. रेल्वेच्या क्वार्टराच्या कुंपनाला जास्वंद लई, येता येता तिथं आटो थांबवून पाला तोडून आनायचे, आन् आटोत मागं सीटवर पाल्याचा ढीग, सवारी म्हनायची बकरी पाळली का वो तुमी, तर हे म्हनायचे, हाव, घरी हाय एक. आसा मानूस. मी केस धुवून बसले का जवळ येऊन नुसता वास घ्यायचे आन् जेवायला बसायचे. दीपा झाली, माझी पोरगी. सासू संगंच राहायची, आत्याबाई म्हनते मी तिला, थोरले दीर आन् जाऊ पलीकडच्या खोल्यांत. सगळं बरं चाललं व्हतं, खोटं काहून सांगू.

मंग ते साल आलं. पंचमीचा सन व्हता, नागपंचमीला आमच्यात बाया हातावर मेंदी काढतेत, म्या बी काढलती, आन् गल्लीतल्या चार जनींच्या काढता काढता माझे दोन्ही तळवे पार मनगटापस्तोर लाल झालते. मालकाला कावीळ झालती. गावठी औषद दिलं, दवाखान्यात बी नेलं, पन पोटात पानी झालं आन् पंचमी व्हऊन गेली न्हाई तवर मानूस गेला. मी त्यांच्या उशाशी बसलेली आन् माझे हात लालभडक.

तुमाला ठाऊक हाय तवा काय करतेत. बांगड्या फोडल्या, त्याला किती येळ लागतो, एक दगड लागतो. कुंकू पुसलं, एक बोट लागतं. पन मेंदी कशी काढावं कुनाला सुचंना. लोक यायलेत, भावकी यायली, आन् नवरा मेलेल्या बाईचे हात नवरीवानी. तवा माझ्या जावंनं न्हानीतली वजरी आनली, पायाच्या टाचा घासायची, धुन्याचा सोडा आनला, आन् दोघी बायांनी माझी मनगटं धरली आन् जाऊ घासाय लागली. माझं ध्यान त्या हातात न्हवतंच. कातडं सोलून निघालं, रगत आलं, तळवा आगीवानी झाला, पन ताई, मेंदी न्हाई निघाली. मेंदी कातड्यात जाऊन बसती, ती कुनाच्या सांगन्यानं जात न्हाई, नवं कातडं येईल तवाच जाती. आत्याबाई दारात बसून बघत व्हती, तिनं फक्त एवढं म्हनलं, ऱ्हाऊ दे आता, पदराखाली झाकून घे.

दहाव्याला, तेराव्याला मी पदराखाली हात झाकून बसले. बाया भेटायला यायच्या, हातात हात घ्यायला बघायच्या, मी देत न्हवते. एकटी आसले का हात बाहेर काढून बघायची. बांगड्यांनी ऐकलं, कुंकवानं ऐकलं, ह्या मेंदीनं मातर ऐकलं न्हाई. मला तवा रडू बी आलं आन् आतून काहीतरी ताठ बी झालं, आता ते काय व्हतं मला सांगता येत न्हाई, पन झालं.

मंग बरेच दिवस घरात बसले. जाऊ भाकरी द्यायची, वरनं टोमने बी द्यायची. दीपाची शाळा. मी म्हनलं आसं किती दिवस. आमच्या गल्लीत देशमुखबाई राहतेत, शाळेवर हायत, त्यांच्या केसाचं पाकिटातल्या काळ्या रंगानं पार वाळलेलं गवत झालतं, त्या एक दिस आल्या आन् म्हनल्या, मथुरा, तू पयले केसाला काय लावायचीस ते मला लाव की. म्या कढई काढली. किती दिसांनी काढली ती, तळाशी अजून जुना काळा थर, ह्यांनी आनलेल्या पाल्याच्या काड्या बी तशाच कोनाड्यात. कालवायला हात घातला आन् ताई, मला वाटलं मी माझ्या घरी आले. बाईंचे केस एका येळेत न्हाई सुधारले, पन दोन-तीन येळा लावल्यावर त्यांनी शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं, आन् बाया यायला लागल्या. बिजलीचं, किरान्याचं, दीपाच्या शाळेचं त्याच्यावर निघायला लागलं.

आन् हात परत लाल झाले. व्हनारच की. तिथून वाद सुरू झाला.

आत्याबाईनं पयल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवून उखळापाशी ठेवल्या आन् म्हनली, हातात घालत जा, रंडक्या बाईचे हात असे बरे दिसत न्हाईत, लोक बोलून राहिलेत. तिचं बी खरं व्हतं तिच्या परीनं. सासरा गेला तवा ती माझ्याहून लहान व्हती, तिनं सगळं पाळलं, काळी पोत न्हाई, रंगीत लुगडं न्हाई, केसाला तेल सोडून दुसरं काही न्हाई. म्या पाळलं, तू बी पाळ, एवढंच तिचं म्हननं. म्या म्हनलं बरं. रोज सकाळी पिशव्या तिथं, रोज मी घालायची, मनगटाला दोरा बांधायची.

पन पिशवीला काय कळतंय वो. देशमुखबाईंच्या बहिनीचं लगीन दोन दिवसांवर आलतं, ती खास आलती. पिशवीतल्या हातानं कालवलं, डोळ्याला सगळं गुळगुळीत दिसत व्हतं, आन् लावलं. धुतलं तर केसात मेथीचा रवा बसलेला, फनी जाईना, बिचारी रडायला लागली. बाई उठून गेल्या तशा परत महिनाभर आल्या न्हाईत. खाला आठवली मला. आंखां से नै बेटी. त्याच दिवशी म्या पिशव्या चुलीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी परत दोन पिशव्या धुवून ठेवलेल्या. मी उघड्या हातानं कालवायला बसले. आत्याबाई म्हनली, पिशव्या दिसंनात का. म्या म्हनलं दिसतेत. म्हनली, मंग. म्या म्हनलं, आत्याबाई, ह्या हातानं थापलेली भाकर तुमी खातावं, ह्या हातानं तुमचे पाय दाबते, तवा हात चालतेत, आन् हाताचा रंग तेवढा चालत न्हाई, हे काही मला पटत न्हाई. मालकाच्या मागं मी जिवंत ऱ्हायले ते लोकाला चाललं, मंग माझं काम बी चालवून घ्यावं. जाऊ भिंतीपलीकडून ऐकत व्हती, ती म्हनली, लई तोंड फुटलं गं तुला. म्या म्हनलं, फुटलं, वजरीनं घासशील का आता ते बी.

पन आत्याबाई काही सोडनारी न्हाई. रोज सकाळी पिशव्या ठेवायची. रोज मी बाजूला सारायची. दोघी एका ताटाला बसायचो, ती माझ्या हाताकडं बघायची न्हाई, मी तिच्याकडं बघायची. हे साला-दोन सालाचं न्हाई ताई, दीपा दहावी झाली, बारावी झाली, पिशव्या चालूच. लोक बी बोलायचे. नळावर एकीनं तोंडावर विचारलं, कुनासाठी रंगवतीस गं. म्या म्हनलं, तुझ्याच डोक्यासाठी, ये की उद्या. आन् आली बी, लाज सोडून आली, केस तिचे लई गळत व्हते.

आता पूजाच्या लग्नाचं सांगते. पूजा म्हंजे जावंची पोरगी, माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. स्थळ उदगीरचं, अडतीचं दुकान, बरी मानसं. पूजाचे केस लांब पन राठ, ती म्हनली काकू, लग्नाला तुझ्याच हातची मेंदी लावनार, पारलरमधी जानार न्हाई. जाऊ म्हनली नवरीच्या डोक्याला तिचा हात नगं. पूजा म्हनली मंग मी केस कापूनच टाकते. पोरगी जिद्दीची, कुनावर गेली कोन जाने. शेवटी जाऊ म्हनली, लाव, पन मागच्या दारानं ये आन् कुनाला सांगू नगं. मी गेले पुढच्या दारानं, कढई डोक्यावर घेऊन, सगळ्या गल्लीनं बघितलं. आवळा, मेथी, जास्वंद, दही, आन् त्या टायमाला नारळाचं दूध बी घातलं, केस वाळल्यावर पूजा घरभर मान हलवत फिरत व्हती, नुसतं पानी वाहिल्यावानी केस.

लगीन लातूरला, मंगल कार्यालयात. जावंनं मला आदीच सांगितलं, मथुरा, तू कोठीघराकडं बघ, लाडवाची टोपली, पानं, समदं तुझ्याकडं. म्हंजे मांडवात यायचं न्हाई. म्या म्हनलं बरं, पूजाचा दिवस हाय, आज भांडन नगं. तर अक्षता पडल्या, जेवनं चालू झाली आन् वरमाई, म्हंजे नवरदेवाची आई, मांडवातल्या सवाष्णींची वटी भरत भरत निघाली. मी पानाचं ताट घेऊन कोठीतनं बाहेर आले व्हते. तिनं माझे हात बघितले. मनगटापस्तोर लाल, तिला काय ठाऊक, तिला वाटलं नवरीकडची कोनीतरी जवळची सवाष्ण. म्हनली, अक्का, पदर पसरा, आन् मी ताट ठेवून काही बोलायच्या आदी गहू, खन, हळकुंड, नारळ माझ्या पदरात. आन् कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडं यायलं.

जावंचं तोंड मला दिसत व्हतं, पांढरं फटक पडलेलं. आत्याबाई खुर्चीवर, तिची मान ताठ. गप ऱ्हायले आसते तर कुनाला कळलं नसतं, पाव्हन्यांना तर न्हाईच. बोट कपाळाला लागलं आसतं, आन् एका दिवसापुरती मी परत सवाष्ण. पन ताई, मला चोरीची वटी नगं व्हती. म्या तिचं मनगट हळूच धरलं आन् म्हनलं, अक्का, मला मालक न्हाईत, कवाच गेले. हा रंग सवाष्णीचा न्हाई, कामाचा हाय. तुमी सकाळपसनं सुनंच्या केसावरनं हात फिरवून सगळ्यांना सांगून राहिलात का सून रेशमाच्या केसाची मिळाली, ते केस ह्याच हातानं मऊ केलेत. आता कुंकू लावायचं का न्हाई तुमचं तुमी बगा.

पंगतीतल्या बाया वळून बघाय लागल्या. जाऊ धावत आली, हात जोडून वरमाईला म्हनली, चूक झाली, तिला कळत न्हाई, दे गं मथुरा ते माघारी. आन् माझ्या पदराला हात घातला. म्या पदर मुठीत आवळला. म्या म्हनलं, न्हाई देनार. म्या मागितलं न्हवतं, खोटं बोलून घेतलं न्हाई, पदरात पडलंय ते माझं हाय. एकदा तुमी माझे हात घासलेत, आता पदर झाडू देनार न्हाई.

वरमाई माझ्याकडं बघत ऱ्हायली. लई येळ बघितलं तिनं, माझ्या हाताकडं, मंग पूजाकडं. कुंकू तिनं न्हाई लावलं, बोट ताटाच्या काठाला पुसलं, खरं ते सांगते. पन जावंला म्हनली, राहू द्या वो, नारळ राहू द्या त्यांच्याकडं. आन् पुढच्या बाईकडं गेली. कुंकवाचं मला वाईट वाटलं न्हाई आसं म्हनले तर खोटं व्हईल, वाटलं. पन मी कोठीघरात परत गेले न्हाई. भरल्या पदरानं मांडव ओलांडला आन् आत्याबाईच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले, पुढच्या रांगेत. ती म्हनली, खाली ठेव ते. म्या म्हनलं, न्हाई. पन ती उठून गेली न्हाई.

नांदेडला येस्तोवर मोटारीत नारळ माझ्या मांडीवर व्हता. घरी आल्यावर फोडला. अर्ध्याची चटनी केली, दीपानं खाल्ली, म्या खाल्ली, आत्याबाईनं बोट लावलं न्हाई. उरलेल्या अर्ध्याचं दूध काढलं आन् त्या आठवड्याच्या मेंदीत घातलं. ज्या नारळाला माझ्या पदरात अशुभ म्हनले त्याच नारळानं गल्लीतल्या सवाष्णींचे केस मऊ झाले, कुनाच्या बी नवऱ्याला काही झालं न्हाई, सगळे धडधाकट हायत, चौकात बसलेले दिसतेत तुमाला.

पूजा आता उदगीरवरनं फोन करती, काकू, सासूबाई इचारायल्यात तुझ्या मेंदीत काय काय असतं. म्या म्हनलं सांग त्यांना इकडं यायला, बसवते पाटावर. अजून आल्या न्हाईत. येतील न्हाईतर न येतील.

आन् लग्नावरनं आल्यावर एक झालं, ते मला लई दिवसांनी ध्यानात आलं. सकाळी उखळापाशी पिशव्या दिसंनात. मला वाटलं म्हातारी इसरली. मंग एक दिवस कढईवरचं झाकन काढायला गेले तर कढईचं तोंड त्याच दुधाच्या पिशव्या कापून, जोडून, सुतळीनं गच्च बांधलेलं, धूळ जाऊ नये, पाल पडू नये म्हनून. तिच्या डोक्याला तिनं मेंदी लावली न्हाई अजून, आन् लावनार बी न्हाई, ते तिचं तिच्यापाशी, म्या जबरदस्ती करत न्हाई. माझ्यावर कुनी केलेली मला आवडली न्हाई, मी दुसऱ्यावर कशी करू. पन मेथ्या ती निवडती. खडा सापडला का मला दाखवती, जसा का तो म्याच टाकला.

जाऊ अजून तिरकी बघती. बघू दे. तिनंच घासले व्हते हात, तिला आठवत आसंल. मी राग धरला न्हाई आसं नका लिवू, धरलाय मी, आन् राखलाय. पन तिचे बी केस आता पिकलेत, ती आली तर मी न्हाई म्हननार न्हाई. उघड्या हातानं लावीन, पिशवी घालनार न्हाई, एवढी एक अट.

परवा दीपाला म्हनलं, पोरी, एक ध्यानात ठेव, मी मेले आन् मला न्हाऊ घातलं तर माझे हात घासू देऊ नगं कुनाला. सवाष्ण आसंल न्हाईतर नसंल, तसेच लाल जाऊ दे. जिवंतपनी वजरीनं निघाला न्हाई तो रंग, मेल्यावर तर कुनाचं काय अडतंय. दीपाच्या डोळ्यात पानी आलं, म्हनली आई, कायबी बोलतीस. तर दारातनं आत्याबाई वरडली, मरायचं नंतर बग म्हनावं तिला, दोघी जनी केस सोडून बसल्यात भाईर, मेंदी वाळायली, ऊठ, हात घाल.